कणसाच्या सालीतला पाव

ओमानमधल्या इब्रीच्या बाजारात नवा माणूस जहूर धनसेशी आधी अरबीत बोलतो. जहूरचा रंग गडद, केस आखूड आणि घट्ट कुरळे. शुक्रवारी पांढरा दिश्दाशा घालून नमाजाला निघाला, की झांजिबारहून परतलेल्या ओमानी घराण्यांपैकी कुणीतरी वाटतो. म्हातारे ओमानी कधीकधी सरळ स्वाहिलीत सुरुवात करतात. नाक्यावरच्या पोलिसाने तेहेतीस वर्षांत त्याचं कार्ड दोनदाच मागितलं असेल. हिंदुस्थानी गिऱ्हाईक मात्र त्याच्याशी बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्याने आणि तुटक हिंदीत बोलतं, आणि तो "म्हसळा, जिल्हा रायगड" म्हणाला, की पुन्हा एकदा त्याच्या तोंडाकडे बघतं.

त्या दुसऱ्या बघण्याची त्याला सवय होती. गावात, पुढे मुंबईच्या डोंगरीत आणि मग इथे, सगळीकडे ते बघणं होतं. लग्नाच्या दोन सोयरिकी त्या बघण्यावर मोडल्या. तिसरी आली तेव्हा जहूरनेच नको म्हणून कळवलं. २०१४ साली तो छप्पन्न वर्षांचा होता. मागे एक खोली, पुढे किराण्याचं दुकान, दारावर अर्बाबच्या, म्हणजे ओमानी मालकाच्या, नावाची अरबी पाटी. अर्बाब हमूद महिन्यातून एकदा येई, कॉफी पिई, तब्येत विचारी आणि जाई. बाकी दिवस जहूर डाळ, तांदूळ आणि सुकी मासळी विकत असे. संध्याकाळी दुकानापुढे खुर्ची टाकून बसला, तर शेजारचे मल्याळी दुकानदार हात करत. त्यांच्या गप्पांत तो कधी गेला नाही. त्यांनीही फारसं बोलावलं नाही.

त्याचे वडील दाऊद धनसे चौदा वर्षं ऱ्होडेशियात, सॅलिसबरीच्या एका कपड्याच्या दुकानात कामाला होते. गावी बायको होती, अमीरुन्निसा. तिला मूल नव्हतं. १९६४ साली दाऊद बेइराहून बोटीने मुंबईला उतरले, तेव्हा त्यांच्या हाताला धरून सहा वर्षांचा जहूर होता. त्याची आई तिथलीच, काळी बाई. तिचं काय झालं, ती मागे राहिली की मेली, हे दाऊदनी घरात कधी सांगितलं नाही आणि त्यांना विचारायची कुणाची छाती नव्हती. जहूर अमीरुन्निसाला खाला म्हणू लागला. दोन वर्षं तो त्या घरात राहिला. मग अमीरुन्निसाला कुलसुम झाली, आणि त्याला डोंगरीला चुलत्याकडे शाळेसाठी पाठवलं. गावाशी त्याचा संबंध पुढे रजेपुरताच उरला. रजा नेहमी डिसेंबरात.

आईचा चेहरा त्याला आठवत नव्हता. आवाज आठवत नव्हता, भाषा पार गेली होती. राहिली होती ती एकच गोष्ट. तो उंबऱ्यावर बसलाय. कुणाचा तरी हात त्याच्यापुढे पत्र्याची ताटली ठेवतो. ताटलीत मक्याच्या सालीत बांधलेलं एक गरम पुडकं. हात सालीचा दोरा सोडतो, वाफ वर येते, आणि आत पिवळसर, ओलसर, गोड पाव. त्याला एक वास. तो वास कशाचा, हे त्याला कधी सांगता आलं नाही, पण त्याच्यासारखा दुसरा वास त्याला पुढच्या आयुष्यात भेटला नव्हता. आई म्हणून त्याच्याजवळ एवढंच होतं.

२००३ साली वडील वारले, तेव्हा तो मातीला गेला. चाळिसाव्यानंतर त्याने अमीरुन्निसाला विचारलं, "खाला, माझ्या आईचं काही ठेवलंय का? फोटो, चिठ्ठी, कापड, काहीपण."

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "काय नाय."

"अब्बांच्या ट्रंकेत होतं."

"व्हतं ते आता नाय."

तिने ते जाळलं, असं जहूरने धरलं. तो जेवायला न थांबता निघाला. त्यानंतर अकरा वर्षं तो तिच्याशी बोलला नाही. कुलसुमला फोन करी, ईदला आणि मधूनमधून. २०१४ साली कुलसुम प्रत्येक फोनवर एकच पालुपद लावत होती. "खाला पडली रे मोरीत. खुबा गेला. अंथरुणाला लागलीय. तुझं नाव काढते."

"नाव काढायला तिला काय लागतं?"

"भाईजान, ती एकोणऐंशीची हाय. तू एकदा बोल नुसतं. माझ्यासाठी बोल."

"बघतो," जहूर म्हणे, आणि बघत नसे.

दुकान चालवणाऱ्या एकट्या माणसाला स्वयंपाक येतोच. जहूरला बऱ्यापैकी येत होता. वर्षातून दोन-तीनदा, शुक्रवारी दुपारी दुकान बंद असताना, तो मक्याचा पाव करून बघायचा. फ्रीजरमधले स्वीट कॉर्नचे दाणे घ्यायचे, मिक्सरमधून काढायचे, साखर घालायची, इडलीच्या भांड्यात वाफवायचे. दर वेळी लापशी व्हायची. मग त्याने कोकणातल्या माणसाच्या हाताला जे सुचतं ते केलं: सांदणाला घालतात तसा तांदळाचा रवा घातला, नारळाचं दूध घातलं, वेलची कुटून घातली. घट्ट झालं, पण ते सांदणच झालं, नुसतं मक्याच्या रंगाचं. तो ते दोन दिवस न्याहारीला खाई आणि पुढच्या वेळी दुसरं काहीतरी करून बघायचं ठरवी. अशी दहा-बारा वर्षं गेली असतील.

मिसेस मुतासा दुकानात आली ती २०१४च्या जानेवारीत. इब्रीच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायला आलेली, पन्नाशीची, जाड भिंगांचा चष्मा, उन्हासाठी मोठी टोपी. तिला पांढऱ्या मक्याचं पीठ हवं होतं. जहूरकडे होतं ते पिवळं, पंजाबी ड्रायव्हरांच्या रोट्यांसाठी आणलेलं. तिने ते चिमटीत घेतलं आणि परत टाकलं.

"हे नाही. पांढरं. आम्ही त्याचा घट्ट गोळा शिजवून भाजीबरोबर खातो. ते नसेल तर मी जेवले असं मला वाटतच नाही."

"कुठल्या तुम्ही?"

"झिंबाब्वे. हरारे."

हरारे म्हणजे पूर्वीचं सॅलिसबरी, हे जहूरला माहीत होतं. त्याने पीठ मस्कतहून मागवून देतो म्हणून सांगितलं, ती दारापर्यंत गेली, आणि मग त्याने तिला थांबवलं. त्याचं इंग्रजी दुकानातलं. भाव सांगण्यापुरतं. "मॅडम, तुमच्याकडे ओल्या मक्याचा गोड ब्रेड करतात? सालीत बांधून?"

ती परत फिरली. "मीली ब्रेड. तुम्हाला कसं माहीत?"

"माझी आई तिकडची होती."

तेहेतीस वर्षांत ओमानमध्ये त्याने हे वाक्य कुणाला सांगितलं नव्हतं. मिसेस मुतासाने त्याच्याकडे पाहिलं. तेही दुसऱ्यांदा बघणंच होतं, पण तिने नुसतं "हं, दिसतंय" म्हटलं आणि विचारलं, "गाव कोणतं? कुळ कोणतं? नाव?"

जहूरला तिन्हीतलं काहीच सांगता येईना.

मास्तरीणबाईंना शिकवायला आवडतं. पुढच्या खेपेला ती पीठ न्यायला आली, तेव्हा त्याने आपला पाव कसा करतो ते सांगितलं, आणि ती काउंटरवर हात टेकून हसली. "वेलची? मिस्टर जहूर, आमच्या गावात वेलची कुणी पाहिलेलीसुद्धा नव्हती. आणि नारळ! आम्हाला समुद्र कुठेय? आणि हा जो तुम्ही दुकानातला मका घेता, तो मुलांनी सिनेमा बघताना खायचा मका. त्याचं पाणीच होणार. मका जून पाहिजे. दाण्यात नख घातलं तर दूध उडायला नको, नख अडकायला पाहिजे."

"असा इथे मिळत नाही."

"इथल्या बकऱ्या काय खातात?"

जहूरने आजवर हा विचार केला नव्हता. गावाबाहेर शेतांवर चाऱ्यासाठी मका लावतात, कणसासकट कापतात आणि जनावरांपुढे टाकतात, हे तो पिकअपमधून जाता-येता बघत होता. माणसाच्या खाण्याचा मका आणि बकरीचा मका वेगळा, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

मे महिन्यात कणसं तयार झाली. अर्बाबच्या ओळखीच्या शेतावर जाऊन त्याने एक पोतं मागितलं. शेतावरच्या बलुची गड्याने विचारलं, "बकऱ्या किती आहेत?" जहूर म्हणाला, "एकच." गडी हसला आणि पोतं भरून दिलं.

मिसेस मुतासा शुक्रवारी सकाळी आली ती स्वतःचा सुरा घेऊन. सालं सोलताना फाटू द्यायची नाहीत, हे तिने आधी बजावलं. मोठी सालं पाण्यात टाकली. दाणे सुरीने कणसाला लागून कापले, मागे राहिलेला गर सुरीच्या पाठीने खरवडला. मिक्सर नको म्हणाली, खिमा काढायचं हाताचं यंत्र बघा. ते जहूरकडे होतं. चरबरीत लगदा निघाला. त्यात मीठ, थोडी साखर, लोण्याचा एक गोळा. बस्स. सालींत भरून, सालीच्याच दोऱ्यांनी बांधून, भांड्याच्या तळाशी उरलेल्या सालींचा थर देऊन त्यावर पुडकी उभी रचली. दोन तास.

"झाकण उघडायचं नाही," ती म्हणाली. "माझी आई झाकणावर दगड ठेवायची, आमच्या भीतीने."

उघडलं तेव्हा पाव घट्ट होता, चाकूने कापता येत होता. जहूरने पत्र्याच्या ताटल्या मुद्दाम आणल्या होत्या. मिसेस मुतासाने पहिला तुकडा उभ्यानेच खाल्ला. मग बसली आणि आणखी तीन खाल्ले. शेवटी चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "हाच. यात एक कणभर फरक नाही. हाच."

जहूर तुकडा चघळत होता. चांगला होता. मक्याची चव होती, मीठ होतं, गोडी होती. पण त्याच्या आत काही हललं नाही. परक्याच्या घरी आग्रहाने वाढलेलं काही खावं, तसं त्याने ते खाल्लं.

"नाही, मॅडम. हा नाही."

"म्हणजे?"

"वास नाही त्याला."

"मक्याचा येतोय की!"

"तो नाही. दुसरा होता. कच्चा, हिरवा. आल्यासारखा, पण आलं नाही."

तिने वर्गातल्या पोराला विचारावं तसं खोदून विचारलं. पुदिना? नाही. गवत? नाही. लिंबाची पानं? नाही. शेवटी तिने खांदे उडवले. "आमच्यात असलं काही घालत नाहीत. तुमच्या आईने स्वतःचं काहीतरी घातलं असेल. प्रत्येकीची काही ना काही खोड असते."

ती उरलेली पुडकी घेऊन गेली. जून संपता संपता तिचं कंत्राट संपलं, कॉलेजने पुढे वाढवलं नाही. ती जायच्या आदल्या दिवशी पिठाची अर्धी पिशवी परत द्यायला आली. जहूरने ती घेतली आणि त्या मोबदल्यात तिला खजुराचा डबा दिला. इतकंच.

पण ती जे म्हणाली, त्याने जहूरला बरं वाटलं होतं. आईची खोड. म्हणजे तो पाव नुसता तिकडचा नव्हता, तिचा होता, आणि त्यातला वास लाखो बायांमधल्या त्या एकीचाच होता. नाव नाही, गाव नाही, पण खूण होती. जुलै आणि ऑगस्टभर तो रोज दुकान उघडताना या गोष्टीकडे एकदा मनातल्या मनात जाऊन येई.

ऑगस्टच्या शेवटच्या गुरुवारी तो माल भरायला मस्कतला गेला आणि पिकअपने गाला नावाच्या गॅरेजांच्या वस्तीत येऊन दम तोडला. तिथे आदिल होता, म्हसळ्याजवळचाच, गॅरेजात मेकॅनिक. त्याने बॉनेट उघडून आत तोंड घातलं आणि तिथूनच ओरडला, "चाचा, ही गाडी तुमच्या आधी रिटायर होणार! तीन तास लागतील. इथे धुरात बसू नका, घुब्राला जाऊन या, एसीत फिरा."

अल् घुब्रात एका हिंदुस्थानी भाजीवाल्याच्या दुकानात तो शिरला. दुसऱ्या दिवशी गणपती होते, दुकान भरलेलं होतं. केळीची पानं, दूर्वा, जास्वंद, सगळं विमानाने आलेलं. त्याच्यापुढे एक पुणेरी जोडपं होतं. बाई एका टोपलीत वाकून मोठी हिरवी पानं एकेक उचलून बघत होती.

"अहो, ही फाटकी नको. पातोळ्या उकलतात मग."

"रेखा, घे गं कुठलीही. गौरींना काय कळतंय!"

"गौरींना कळत नाही, पण तुमच्या आईला व्हिडिओवर दिसतं." मग ती नवऱ्याला हळूच म्हणाली, "त्या अर्बाबला जरा सरकायला सांगा ना. अगदी टोपलीवर उभा आहे."

"सरकतो, ताई," जहूर म्हणाला. "घ्या तुम्ही."

दोघंही चपापली. नवरा घाईघाईने हसला, "अरे, तुम्ही मराठी! सॉरी हं, म्हणजे आम्हाला वाटलं..."

जहूर सरकला नाही. बाईने पान नीट बघायला मध्ये दुमडलं होतं, आणि तिथून तो वास आला. कच्चा. हिरवा. आल्यासारखा, पण आलं नाही.

"हे कसलं पान?"

"हळदीचं," रेखा म्हणाली. आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत तिने ते पान त्याच्या हातात दिलं. "ह्याच्यात पातोळ्या वाफवतात. तुमच्याकडे नाही करत?"

आदिलच्या गॅरेजबाहेर टायरवर बसून त्याने ते पान पुन्हा पुन्हा दुमडलं. त्याच्या गावात कुणाच्या ना कुणाच्या परसात हळद असायची, पण ती पावसात. डिसेंबरच्या रजेत पानं वाळून गेलेली असायची. डोंगरीत चुलतीकडे असले पदार्थ होत नसत. मिसेस मुतासाच्या गावात वेलचीसुद्धा नव्हती, तर हळदीचं पान कुठलं? याचा हिशेब सरळ होता, आणि तो झाल्यावर त्याला पत्र्याची ताटली, उंबरा आणि तो हात यांतलं काहीच सॅलिसबरीचं उरलं नाही. ते गाव होतं. आणि त्या घरात तेव्हा बाई एकच होती.

त्याने तिथूनच कुलसुमला फोन लावला.

"भाईजान? आज काय विशेष?"

"खालाला दे."

मग कुलसुमच्या चपलांचा आवाज, दाराचा आवाज, "अम्मी, जहूर. अगं खरंच जहूर. धर, असा धर, कानाला." मग श्वास.

"कोण?"

"जहूर बोलतोय."

"हां."

जहूरने सरळ विचारलं. "मी लहान असताना तू मक्याचं काही करायचीस? सालीत बांधून, वाफवून?"

"केलं व्हतं."

"का?"

"का म्हंजे? तू जेवत नव्हतास. तीन दिवस झाले, पेज नाय, भाकरी नाय, माशाला तोंड लावेनास. मी तुझ्या बापाला विचारलं, हा पोर तिथं खायचा तरी काय? तो म्हणाला, मक्याचं कायतरी गोड, सालीत बांधलेलं. एवढंच. ते कसं करतात ते त्या शहाण्याला कुठं ठावं! मी आपलं सांदणावानी केलं. नारळ घातला, वेलची घातली. सालं पुरली नायत म्हणून आतनं हळदीचं पान लावलं."

"मग मी खाल्लं?"

"खाल्लंस. दोन दिस खाल्लंस. मग पुढल्या साली परत केलं, तर तू ताटली फेकलीस. म्हणालास, तुझ्या हातचं नको, माझ्या आईच्या हातचं पायजे. मग मी नाय केलं."

जहूरला ताटली फेकलेली आठवत नव्हती. त्याने आठवायचा प्रयत्न केला.

"ट्रंकेत काय होतं?" त्याने विचारलं.

"आता कशाला ते?"

"सांग."

"एक झगा व्हता लहान पोराचा. तुझा. वाळवीनं खाल्लेला. दुसरं काय नाय. तुझ्या बापानं तिचं कायच आणलं नव्हतं, आणि ते तुला मी सांगायचं व्हतं काय, मयताच्या घरात?"

आदिलने बॉनेट आपटलं. "चाचा, यल्ला! खलास. धावतेय."

"जातो, खाला," जहूर म्हणाला.

"बरं."

इब्रीची तीन तासांची वाट त्याने रेडिओ न लावता काढली. जी एक गोष्ट त्याने पन्नास वर्षं आईची म्हणून जपली, ती आईची नव्हती. आईचा पाव तो मे महिन्यात स्वतःच्या खोलीत खाऊन बसला होता, तिकडच्या बाईने हाच म्हणून सांगितलं होतं, आणि त्याच्या जिभेने तो ओळखला नव्हता. नाही म्हणाला होता तो. तोंडावर.

नोव्हेंबरात चाऱ्याचा मका पुन्हा तयार झाला. जहूरने पोतं आणलं. या वेळी एकट्यानेच सालं भिजवली, दाणे कापले, खिम्याच्या यंत्रातून काढले. मीठ, साखर, लोणी. दुसरं काही नाही. दोन तास झाकण उघडलं नाही. आठ पुडकी झाली. चार त्याने थंड करून, कापडात गुंडाळून, डब्यात भरली आणि तडक गाला गाठलं, कारण आदिल त्याच रात्रीच्या विमानाने बहिणीच्या लग्नाला गावी जायचा होता. आखातातून गावी जाणाऱ्याच्या बॅगेत चार घरांची पार्सलं असतातच. त्याला नाही म्हणायची पद्धत नाही, बडबड करायची मात्र आहे.

"हे काय, चाचा? लोक सेंट पाठवतात, ब्लँकेट पाठवतात, दुधाची पावडर पाठवतात. तुम्ही बकऱ्यांचा मका पाठवताय?"

"खालाला द्यायचं. हातात. उद्या दुपारच्या आत, नाहीतर आंबेल."

"कस्टमवाल्याने विचारलं तर?"

"सांग, पाव आहे."

"पाव? म्हसळ्यात पाव मिळत नाहीत?" पण त्याने डबा कपड्यांच्या मधोमध, न हलेल असा ठेवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, मगरिबच्या आधी, कुलसुमचा फोन आला. जहूर एका ओमानी बाईला मसूर मोजून देत होता. त्याने फोन खांद्याला लावला.

"घे, खाला बोलते," कुलसुम म्हणाली.

"पोचलं," अमीरुन्निसा म्हणाली.

"खाल्लंस?"

"खाल्लं. हिनं वाफेवर गरम करून दिलं." मग ती म्हणाली, "बेचव हाय."

जहूरने पिशवीला गाठ मारली.

"तुझी आई करायची ते हेच?"

"इथे तिकडची एक बाई होती. ती म्हणाली, हेच."

"नुसतं मीठ-साखर?"

"आणि लोणी."

"मग मी उगाच एवढा खटाटोप केला." ती चघळत होती, दात नसल्याचा मऊ आवाज येत होता. "तुझा बाप हे खाऊन चौदा वर्षं राह्यला तिथं? माझ्या कालवणात मीठ कमी पडलं तर ताट सरकवायचा." मग आवाज थोडा उतरला. "तिचं नाव काय व्हतं रे?"

"मला वाटलं तुला ठावं असेल."

"त्यानं सांगितलं नाय. मी इचारलं नाय. सवतीचं नाव कोण इचारतं?"

ओमानी बाईने काउंटरवर बोटांनी टकटक केलं. जहूरने हाताने तिला थांबायची खूण केली.

"अजून दोन हायत," अमीरुन्निसा म्हणाली. "कुलसुम म्हणते, टाकून दे. मी नाय टाकत. उद्या खाते. बेचव असलं तरी पोटाला बाधत नाय."

"खा."

"तुला आवडलं काय?"

"अजून नाही," तो म्हणाला.

फोन ठेवून त्याने बाईचा मसूर दिला, दुकानाचं अर्धं शटर ओढलं आणि मागच्या खोलीत गेला. फ्रीजमध्ये चार पुडकी होती. एक काढून त्याने वाफेवर ठेवलं, ताटलीत घेतलं, सालीचा दोरा सोडला आणि खुर्चीवर बसून पूर्ण संपेपर्यंत खाल्लं. पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत तो त्यात काहीतरी शोधत होता. मका होता, मीठ होतं. उरलेली तीन त्याने पुढच्या तीन दिवसांत, रोज एक, तशीच खाल्ली, आणि चौथ्या दिवशी शेतावरच्या बलुच्याला फोन करून विचारलं, की कापणी अजून किती दिवस आहे.